बाळू पालवणकर आपले की त्यांचे?

मागच्या डिसेंबरात निफाडमध्ये आमच्या अभ्यासवर्गात एका पोराने मोबाईल पुढे केला. त्यावर एकाच माणसाबद्दलचे दोन मेसेज होते. पहिल्यात लिहिले होते, भारताचा पहिला महान गोलंदाज दलित होता, शेअर करा, अभिमान बाळगा. दुसऱ्यात लिहिले होते, बाबासाहेबांच्या विरोधात निवडणूक लढवणारा गद्दार, याला ओळखा. दोन्ही मेसेजमध्ये फोटोही एकच होता. पोराने विचारले, "दादा, हा आपला की त्यांचा?"

मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर मलाही तेव्हा नीट माहीत नव्हते. गेले काही महिने जमेल तसे वाचले. रामचंद्र गुहा यांचे भारतीय क्रिकेटच्या इतिहासावरचे 2002 सालचे इंग्रजी पुस्तक यात सर्वांत उपयोगी पडले. बाळूंबद्दल आज जे काही बोलले जाते, ते बहुतेक त्याच पुस्तकातून आलेले आहे. गुहा आपल्या चळवळीचे लेखक नाहीत आणि त्यांचे सगळे निष्कर्ष मला पटत नाहीत. पण माहिती त्यांनी खणून काढली, हे मान्य केलेच पाहिजे. आपण ती खणली नाही.

बाळू बाबाजी पालवणकर. जात चांभार. कुटुंब मूळचे कोकणातल्या पालवणचे, म्हणून पालवणकर. जन्म 1870 च्या दशकाच्या मध्याला, धारवाडला. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे पोरे पुण्याच्या लष्करी वस्तीत वाढली. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे भाऊ खेळायला शिकले. आपल्या महार समाजाच्या इतिहासात लष्कराचे जे स्थान आहे, तेच चांभारांच्या काही कुटुंबांच्या बाबतीतही आहे. गावगाड्याच्या बाहेर पडायची पहिली फट छावणीने दिली. रामजी सुभेदारांचे घर आणि पालवणकरांचे घर, दोन्ही याच फटीतून बाहेर आली. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्लबात, खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. नंतर 1892 च्या सुमारास ते पुण्याच्या युरोपियन क्लबात गेले, तिथे चार रुपये. काम तेच, जाळी लावणे, खेळपट्टी झाडणे, मैदान आखणे. तिथल्या एका साहेबाने त्यांना सरावासाठी गोलंदाजी करायला सांगितले आणि हा डावखुरा फिरकी गोलंदाज जगाला सापडला. जे. जी. ग्रेग हा तेव्हाचा नावाजलेला इंग्रज फलंदाज. तो सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर यायचा आणि बाळूंना तासन्‌तास चेंडू टाकायला लावायचा. ग्रेग बाद झाला की बाळूंना आठ आणे द्यायचा, अशी आख्यायिका आहे.

इथे एक गोष्ट नीट पाहा. त्या क्लबात बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली, पण त्यांच्या हातात कुणी बॅट दिली नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी नोकराची. समाजशास्त्रात एम. ए. करताना श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यातला फरक 'जातिनिर्मूलना'तून पाठ केला होता. तो मैदानावरही दिसतो, हे मला बाळू वाचताना कळले. घाम गाळणारा एक आणि टाळ्या घेणारा दुसरा. गोऱ्यांच्या क्लबात ही वाटणी वर्णाची आणि हुद्द्याची होती. बाळू हिंदूंच्या क्लबात गेले तेव्हा ती जातीची झाली, एवढाच फरक.

पुण्यात हिंदूंचा एक संघ होता आणि त्याला गोऱ्यांना हरवायचे होते. बाळूंना घ्यायचे की नाही, यावर वाद झाला. संघातले काही तेलुगू सभासद घ्या म्हणत होते, इथले मराठी ब्राह्मण नको म्हणत होते. शेवटी घेतले. का घेतले? मन बदलले म्हणून नव्हे. असा गोलंदाज न वापरणे हा हिंदूंचा मूर्खपणा होईल, असे ग्रेगने जाहीरपणे म्हटले होते आणि जिंकायचे तर बाळू पाहिजेत, हे सगळ्यांना दिसत होते. म्हणून मैदानावर एकच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरू लागला. ब्राह्मणाने अडवलेला चेंडू बाळूंच्या हातात यायचा, बाळूंनी टाकलेला ब्राह्मण यष्टिरक्षकाच्या हातात जायचा. चेंडूला विटाळ नव्हता.

चहाला होता. मधल्या सुट्टीत सगळे पॅव्हेलियनमध्ये बसायचे आणि बाळूंना बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. तोंड धुवायचे असेल तर अस्पृश्य नोकर मैदानाच्या कोपऱ्यात पाणी घेऊन जायचा. जेवणाचे ताट वेगळे आणि टेबलही वेगळे.

याच काळात पुण्याचा हिंदू संघ साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध खेळायला गेला. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून तिथे खेळपट्टी दिवसेंदिवस रोलर फिरवून कडक करून ठेवली होती. बाळूंनी तरीही सात बळी घेतले आणि पुणे जिंकले. परतल्यावर सत्कार झाले. आणि इथे आपल्या निफाडचा संबंध येतो. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर चहापाणी आणि जेवणही केले पाहिजे, असे संघातल्या हिंदूंना जाहीरपणे सुनावणारे होते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. बाळूंच्या गळ्यात जाहीर सभेत हार घालणारेही तेच. पुढे लोकमान्य टिळकांनीही बाळूंची भाषणात स्तुती केली.

रानडे यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी निफाडला झाला. आमच्याकडे दरवर्षी त्यांची आठवण काढली जाते. हारतुरे होतात, भाषणे होतात. पण बाळूंच्या गळ्यातल्या त्या हाराचा उल्लेख मी निफाडमध्ये आजवर एकाही भाषणात ऐकलेला नाही. सांगितला असता तर चांगलेच झाले असते, पण मग पुढचेही सांगावे लागले असते. चहाच्याच एका पेल्यापायी रानडे स्वतः अडचणीत आले होते. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर मंडळी गेली, तिथे चहा दिला गेला, नावे छापून आली आणि सनातन्यांनी ग्रामण्य केले. शेवटी रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. ख्रिस्ती मिशनमधल्या चहाबद्दल ज्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले, त्यांनीच काही वर्षांनी चांभाराबरोबर चहा प्या असे सांगितले. याला धाडस म्हणा की उशिरा आलेले शहाणपण म्हणा. मी धाडस म्हणेन. बाबासाहेबांनीही रानडे यांना लहान लेखले नाही. 1943 मध्ये रानडे यांच्या जयंतीलाच पुण्यात त्यांनी जे भाषण केले, 'रानडे, गांधी आणि जिना', त्यात त्यांनी रानडे यांना मोठेपणा दिला, आणि राजकारणाआधी समाज सुधारा हे सांगणारी ती पिढी का हरली, याचीही चिकित्सा केली. ते भाषण वाचा. आपल्यातले बरेच जण शीर्षकापुढे जात नाहीत.

प्लेगच्या काळात बाळू पुणे सोडून मुंबईला आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात पुन्हा तोच वाद, पुन्हा काही सभासदांचा विरोध. कर्णधार कीर्तिकर यांनी तो मोडून काढला. बाळूंना बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली. हळूहळू मुंबईत जेवणाची पंगतही एक झाली.

फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंच्या 242 आणि 160 धावा, युरोपियनांच्या 191 आणि 102. हिंदू 109 धावांनी जिंकले. दोन डावांत मिळून बाळूंचे आठ बळी. धाकटे भाऊ शिवराम हेही त्या संघात होते. बंगालच्या फाळणीनंतरचे ते दिवस, स्वदेशीची हवा. गोऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवले म्हणून मुंबईत जल्लोष झाला. त्या जल्लोषात चांभाराचा हात होता, हे सुधारकी वृत्तपत्रांनी आवर्जून लिहिले. दुसऱ्या दिवशी जातिव्यवस्था होती तिथेच होती.

1911 मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने एकूण 23 सामन्यांपैकी 15 गमावले. महाराजांचे लक्ष खेळापेक्षा मेजवान्यांकडे जास्त होते. बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले, सरासरी 18.84. त्यातले 75 बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. लीस्टरशायरविरुद्ध 11 बळी घेऊन त्यांनी संघाला जिंकून दिले, केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ घेतले. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद शतक केले आणि संघ एका गड्याने जिंकला. म्हणजे प्रथम श्रेणीचे जे दोन सामने त्या संघाने जिंकले, ते दोन्ही या दोन चांभार भावांच्या जिवावर. संपूर्ण कारकिर्दीत बाळू प्रथम श्रेणीचे 33 सामने खेळले, 179 बळी, सरासरी 15.21. इंग्लंडला गेले तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती. विशीत त्यांना हे मैदान मिळाले असते तर आकडे काय असते, याचा हिशोब कुणी करायचा?

परतल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराच्या मानपत्रामागे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा एक तरुण होता. नाव भीमराव आंबेडकर. गुहा यांच्या मते बाबासाहेबांच्या सार्वजनिक आयुष्याची ही अगदी पहिल्या काही पावलांतली घटना. विशीतल्या बाबासाहेबांसाठी बाळू हे काय होते, याची कल्पना करा. त्या वेळी अस्पृश्यांमध्ये अखिल भारतीय कीर्तीचा दुसरा माणूस कोण होता? ज्याला कुणी हात लावत नव्हते, त्याच्या हातून सुटलेल्या चेंडूपुढे लाटसाहेबांची पोरे गडबडत होती. 'गद्दार' हा मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांनी या मानपत्रापाशी जरा थांबावे.

आता कर्णधारपदाकडे येऊ. माझ्या मते बाळूंच्या आयुष्यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट ही आहे. ती ना पहिल्या मेसेजमध्ये आहे ना दुसऱ्या.

1910 पासून दरवर्षी प्रश्न यायचा, हिंदू संघाचा कर्णधार कोण? अनुभवाने आणि कामगिरीने बाळूंच्या जवळपास कुणी नव्हते. दरवर्षी कर्णधार सवर्णच व्हायचा. 1913 मध्ये एम. डी. पै कर्णधार झाले. त्यांच्या सारस्वत समाजाने त्यांचा सत्कार केला, तेव्हा पै यांनी स्वतःच सांगितले की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता. पै प्रामाणिक माणूस. पण प्रामाणिक माणसाने कबुली दिल्यानंतरही पुढच्या वर्षी काही बदलले नाही. दोन भाऊ, तीन भाऊ, शेवटी विठ्ठल आणि गणपत धरून चारही भाऊ हिंदू संघात खेळले. चार जागा देता येत होत्या, एक टोपी देता येत नव्हती. कारण गोलंदाजाला चेंडू टाकायचा असतो आणि कर्णधाराला आज्ञा द्यायची असते. अस्पृश्याचे श्रम घेण्यात विटाळ नाही, त्याची आज्ञा मानण्यात आहे. आजही कार्यालयात, कॉलेजात, पक्षात जरा आजूबाजूला पाहा.

मग आले 1920. आपल्या इतिहासात हे साल कशाचे आहे, ते तुम्हाला सांगायला नको. 31 जानेवारीला 'मूकनायक' निघाले. मार्चमध्ये माणगाव परिषद, मे-जूनमध्ये शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपूरची परिषद. त्याच वर्षाअखेरीस मुंबईच्या चौरंगी सामन्यांत पै आजारी पडले. आता तरी बाळू, असे लोकांना वाटले. निवड समितीने कर्णधारपद पुण्याच्या डी. बी. देवधर यांना दिले आणि बाळूंना संघातूनच वगळले. कारण दिले वयाचे.

तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला. गप्प बसून नव्हे, जाहीर पत्रक काढून. ज्येष्ठाला डावलून कनिष्ठाला पुढे आणता आणि याच्या मागे जात आहे, हे त्यांनी छापील शब्दांत सांगितले. मुंबईत गदारोळ झाला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यापर्यंत पै बरे झाले, ते कर्णधार झाले आणि बाळू संघात परतले, उपकर्णधार म्हणून. पै मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. काही षटके का होईना, ब्राह्मण खेळाडू चांभाराच्या इशाऱ्यावर क्षेत्ररक्षणाच्या जागा बदलत होते.

हिशोब करा. दहा वर्षे बळी घेऊन जे मिळाले नाही, ते एका नकाराने काही दिवसांत मिळाले. 'गुणवत्ता असेल तर कुणी अडवत नाही' असे आरक्षणविरोधी मित्र आपल्याला ऐकवतात. त्यांना 179 बळींचा माणूस दाखवा. आणि मग दोन भावांचा बहिष्कार दाखवा.

पुढे 1923 मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने त्याच वर्षी युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली. विठ्ठल यांना खांद्यावर घेऊन लोक नाचले, त्यात सवर्णही होते. त्यांनी पुढे 'माझे क्रीडाजीवन' हे आत्मचरित्र लिहिले, 1948 मध्ये. दलित आत्मकथनांची चर्चा आपण सत्तरीच्या दशकापासून सुरू करतो. हे पुस्तक त्या यादीत का येत नाही?

जरा दूरचे उदाहरण देतो, कारण ते अगदी याच सालाचे आहे. अमेरिकेत बेसबॉल हा खेळ आहे. त्यात चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात, आपल्या गोलंदाजाचा चुलतभाऊ समजा. बाळूंच्याच काळात तिथे रूब फॉस्टर नावाचा काळा पिचर होता, 1879 चा जन्म, टेक्सासचा. तिथल्या मोठ्या संघांत काळ्यांना प्रवेश नव्हता. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे तो पाळत. आपल्याकडेही क्लबच्या घटनेत कुठे लिहिले होते की अस्पृश्याला मातीच्या भांड्यात चहा द्या? फॉस्टरने काळ्यांच्या संघांतून कारकीर्द केली, मग स्वतः संघ चालवला आणि फेब्रुवारी 1920 मध्ये कॅन्सस सिटी इथे इतर संघमालकांना एकत्र आणून काळ्यांची स्वतंत्र लीग उभी केली. 'मूकनायक' निघाल्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांत. त्या लीगमध्ये कर्णधार काळा, व्यवस्थापक काळा, मालकही बहुतेक काळेच. गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये जॅकी रॉबिन्सन 1947 मध्ये खेळला, पण तिथे पहिला काळा व्यवस्थापक व्हायला 1975 उजाडले. 28 वर्षे. तिथेही अडले ते आज्ञा देण्यापाशीच. आणि हेही सांगितले पाहिजे की रॉबिन्सननंतर चांगले खेळाडू गोऱ्यांच्या संघांकडे गेले आणि काळ्यांची ती लीग काही वर्षांत कोसळली. स्वतंत्र घर की मोठ्या घरात जागा, हा प्रश्न तिथेही सोपा नव्हता.

बाळूंपुढे फॉस्टरसारखा रस्ता होता का? नव्हता. मुंबईत संघ धर्मावर होते. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन. अस्पृश्यांचा संघ नव्हता. खेळायचे तर हिंदू म्हणूनच खेळायचे. पंधरा-वीस वर्षे छातीवर 'हिंदू' लावून हा माणूस गोऱ्यांविरुद्ध लढला, त्याच नावाने लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. त्याचे राजकारण इथे घडले, असे मला वाटते. बाबासाहेबांना बडोद्यात घर मिळाले नाही आणि शिपायाने फाईल फेकली. बाळूंना आधी मातीचे भांडे मिळाले, मग कपबशी मिळाली, मग पंगत मिळाली, शेवटी उपकर्णधारपद मिळाले. हिंदू समाज हळूहळू का होईना सुधारतो, हा त्यांच्या अनुभवाचा निष्कर्ष. एका माणसाच्या अनुभवावरून लाखोंसाठी निष्कर्ष काढता येत नाही, ही त्यातली चूक. त्यांच्यासारखा डावा हात गावोगावच्या पोरांना नव्हता.

1932 मध्ये स्वतंत्र मतदारसंघाचा प्रश्न आला, तेव्हा बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला गेले. एम. सी. राजा यांनी मुंजे यांच्याशी संयुक्त मतदारसंघाचा जो करार केला, त्याच्या बाजूने ते उभे राहिले. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे कराराखाली ज्या सह्या आहेत, त्यात बाबासाहेबांची आहे आणि 'पी. बाळू' यांचीही आहे. एकाने गांधींच्या उपोषणाच्या दडपणाखाली सही केली, दुसऱ्याने मनापासून. निवाड्यातल्या 71 जागांच्या 148 झाल्या, पण आपला प्रतिनिधी फक्त आपण निवडायचा, हा हक्क गेला.

मला आश्चर्य वाटते ते याचे. हिंदू जिमखान्याची निवड समिती म्हणजे काय होती? संयुक्त मतदारसंघच तो! तुमच्यातला कोण संघात येईल, हे बहुसंख्य दुसरे लोक ठरवणार. ते तुमच्यातला गोलंदाज घेतील, कर्णधार घेणार नाहीत. चार जागा देतील, टोपी देणार नाहीत. हे अन्यायाचे यंत्र दहा वर्षे ज्यांनी अंगावर सोसले, त्यांना ते मतपेटीत ओळखता आले नाही. 1920 मध्ये भावांनी जे पत्रक काढले, तेच तर बाबासाहेब गोलमेज परिषदेत मोठ्या अक्षरांत सांगत होते.

करारानंतर वर्षभराने, 1933 मध्ये, बाळू हिंदू महासभेचे उमेदवार म्हणून मुंबई महापालिकेची निवडणूक लढले आणि हरले. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला, म्हणजे आमच्या निफाडहून तासाभराच्या अंतरावर, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. बाळूंनी धर्मांतराला विरोध केला. त्याच मातीत पाच वर्षे काळारामाच्या दारात आपल्या माणसांनी मार खाल्ला होता. त्यांना पंगत मिळाली नव्हती.

आणि मग 1937. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष नुकताच, ऑगस्ट 1936 मध्ये, निघालेला. मुंबईत भायखळा-परळ भागातल्या राखीव जागेवर बाबासाहेब उभे. काँग्रेसने त्यांच्यासमोर बाळू पालवणकरांना उभे केले. साठी गाठलेला, निवृत्त, सर्वांचा लाडका खेळाडू. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याच्या मानपत्रामागे बाबासाहेब होते, तोच. निकाल: बाबासाहेब 13,245, बाळू 11,225. फरक 2,020 मतांचा. आपल्या जिल्ह्यातून दादासाहेब गायकवाडही याच निवडणुकीत विधानसभेत गेले.

या आकड्यांमागे एक तांत्रिक गोष्ट आहे, तरुणांनी ती समजून घ्यावी. तेव्हा मुंबई इलाख्यात मतदाराला मतदारसंघातल्या जागांइतकी मते असत आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. त्यामुळे आपल्या माणसांनी सगळी मते बाबासाहेबांच्या पारड्यात टाकली की सवर्णांच्या संख्येला काही प्रमाणात तोंड देता येई. 1952 च्या लोकसभेत ही सोय राहिली नाही, एका उमेदवाराला एकच मत. काँग्रेसने बाबासाहेबांसमोर पुन्हा एक चांभार उमेदवार दिला, नारायण काजरोळकर. बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. पद्धत बदलली आणि निकाल बदलला. जातीची निवड मात्र काँग्रेसने दोन्ही वेळा तीच केली. हा योगायोग म्हणायचा का?

आता त्या 'गद्दार' शब्दाकडे. कांशीराम साहेबांनी पुणे कराराला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, 24 सप्टेंबर 1982 रोजी, 'चमचायुग' प्रसिद्ध केले. त्यांचा मुद्दा कराराच्या यंत्राबद्दल होता. संयुक्त मतदारसंघ चमचे निर्माण करतो, हे त्यांनी दाखवले. आपण मात्र यंत्र विसरलो आणि माणसांना शिव्या द्यायला शिकलो. त्यातही बाळूंना शिव्या देताना हळूच त्यांची जात पुढे येते. मी निफाड तालुक्यात काम करतो. चर्मकार समाजाच्या वस्तीत शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला गेलो की म्हातारी माणसे आधी विचारतात, तुम्ही कुणाचे? बौद्ध म्हटल्यावर एक क्षण शांतता असते. ती शांतता 1937 पासूनची आहे, आणि ती एकट्या काँग्रेसने टिकवलेली नाही. "चांभार तसलेच" असे आपल्या बैठकीत कुणी म्हणतो आणि कुणी टोकत नाही, मीही कित्येकदा टोकलेले नाही. मग निवडणुकीत ते आपल्याबरोबर येत नाहीत म्हणून आपणच चिडतो.

म्हणून त्या पोराला मी सांगितले ते असे. 1911 चे बाळू आपले आहेत, 1920 चे तिघे भाऊ तर आपले आहेतच. 1932 आणि 1937 चे बाळू चुकले, मोठी चूक केली, आणि ती चूक तारखेनिशी, आकड्यांनिशी सांगायची. चुकलेला माणूस परका होत नाही. तो म्हणाला, "मग फोटो लावायचा का?" आमच्या अभ्यासवर्गाच्या खोलीत भिंत लहान आहे, त्यावर वाद झाला आणि अजून मिटलेला नाही. तोपर्यंत त्याने दोन्ही मेसेज डिलीट केले आणि तिसरा स्वतः लिहिला. त्यात फक्त 1920 ची गोष्ट आहे.

बाळू पालवणकर 4 जुलै 1955 रोजी मुंबईत वारले. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा सव्वा वर्ष बाकी होते.

विठ्ठल यांचे 'माझे क्रीडाजीवन' मला अजून प्रत्यक्ष पाहायला मिळालेले नाही. कुणाच्या घरी, गावच्या वाचनालयात, कुठल्या जुन्या जिमखान्याच्या कपाटात प्रत असेल तर कळवा, येऊन फोटो काढून नेईन. येत्या 18 जानेवारीला रानडे जयंतीच्या कार्यक्रमात निफाडमध्ये दहा मिनिटे मागितली आहेत. मिळाली तर साताऱ्याच्या सामन्याची आणि त्या चहाची गोष्ट सांगणार आहे.

जय भीम.